समुपदेशकाकडे जायचं का? वहीच्या एका पानावर ठरवा

चला, बसा. वहीचं एक कोरं पान, पेन आणि भिंतीवरचं कॅलेंडर एवढंच लागेल. पान स्वतःसाठी भरा किंवा घरातल्या कुणासाठी, कृती तीच आहे. क्रम मात्र मोडू नका, कारण काही जणांना पहिल्याच पायरीवर उत्तर मिळतं आणि मग पुढचं काही लिहीत बसायचं नसतं.

१. आधी धोका तपासा. सरळ शब्दांत विचारा, "जीव नकोसा झालाय का? मरायचे विचार येतात का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेले विचार शिरत नाहीत, उलट कोंडलेला माणूस बोलता होतो. उत्तर "हो" आलं, किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, रात्र-रात्र न झोपता असंबद्ध बडबड चालली असेल, तर वही मिटा आणि १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव आत्ता धोक्यात दिसत असेल तर थेट १०८. माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका, बागेतली फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाका. सावधान: "नुसतं बोलतोय, करणार काही नाही" असं म्हणून इथे थांबू नका.

२. पानाच्या डोक्यावर सुरुवातीची तारीख लिहा. "बरेच दिवस झाले" चालणार नाही. आठवत नसेल तर सणांवरून मागे जा: गणपतीत बरं होतं का? नारळी पौर्णिमेला होडीच्या पूजेला गेला होता का? होळीला? अंदाजे महिना लागला तरी पुरे.

३. खाली तीन रकाने पाडा: झोप, जेवण, काम. "उदास वाटतं का" असा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. आपल्याकडे कुणी येऊन "मी उदास आहे" असं सांगत नाही. पित्त झालंय, डोकं धरलंय, छातीत धडधडतंय, कशात मन लागत नाही, असं सांगतात. ताट अर्धं परत गेलं तर ते मात्र सगळ्यांना दिसतं.

४. रोज रात्री एक ओळ भरा, दोन आठवडे. झोप किती तास, जेवण किती वेळा, आणि नेहमीचं कुठलं काम राहिलं. सगळ्यात जास्त घोळ कामाच्या रकान्यात होतो, म्हणून जरा थांबून बघू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी घरीच असणार. "कामावर गेला नाही" हे लक्षण धरू नका. जाळं बघा. दरवर्षी बंदीत ओट्यावर बसून फाटकी जाळी शिवणारा माणूस यंदा जाळ्याकडे ढुंकूनही बघत नसेल, तर ते लिहा. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या बागायतदाराच्या घरी वेगळं बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि नवं रोप धरायला वर्षं जातात, त्यामुळे पैशाची काळजी असणारच. पण आजही जरा वारा सुटला की रात्री उठून पत्र्याचे हुक चाचपत बसणं, पुन्हा आडवं न होणं, हे सलग चाललं असेल तर झोपेच्या रकान्यात टाका. सावधान: एखाद-दुसरी वाईट रात्र बघून घाबरू नका, आणि एका चांगल्या दिवसावरून सगळं बरं झालं असंही ठरवू नका.

५. सुरुवातीची तारीख दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर पुढची पानं भरेपर्यंत थांबू नका. आठवेल तसं मागचं लिहून काढा. बाळंतिणीलाही हाच हिशोब. पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांपुढे गेलं तर दाखवायचं.

६. शेजारी चौथा रकाना पाडून त्यात दारूचं खरं माप लिहा. सावधान: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरणं, भास, फिट इथपर्यंत जाऊ शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

७. आता पान वाचा आणि ठरवा. दोन आठवडे बहुतेक दिवस झोप, जेवण, काम यांपैकी एक जरी बिघडलेलं असेल आणि रोजचं अडत असेल, तर जायचं. दारूचं माप वाढत चाललं असेल तरी जायचं. घरात कुणी गेलं असेल तर रडणं, जेवण न जाणं साहजिक आहे. पण आठवडे उलटूनही माणूस थोडासाही सावरत नसेल तर वर्षश्राद्धापर्यंत वाट बघू नका. पान बऱ्यापैकी स्वच्छ असेल आणि तरीही बोलावंसं वाटत असेल? तरीही जा. त्यासाठी आधी आजारी पडायला लागत नाही.

८. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पान दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर तपासायची का ते विचारा. थकवा आणि धडधड यातूनही येते. सावधान: छातीत दुखत असेल तर "टेन्शन असेल" म्हणू नका, आधी ईसीजी.

९. कुणाकडे जायचं ते नक्की करा. गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशक बोलून वाट काढायला मदत करतात, गोळी देत नाहीत. झोप-जेवण पार कोलमडलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढता येतो. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, पण भगताच्या तारखेसाठी दवाखान्याची तारीख पुढे ढकलू नका. मारझोड किंवा उपाशी ठेवणं दिसलं तर माणसाला घेऊन तिथून उठा.

१०. निघण्याआधी फोन करून डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारा. मुरूडहून एसटीने जाऊन दार बंद दिसलं तर दुसऱ्यांदा कुणी निघत नाही. मुंबईची वेळ घेतली असेल तर लक्षात ठेवा, पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि रो-रोसुद्धा हवा बघून सुटते.

११. पहिलं वाक्य चिठ्ठीवर लिहून न्या. असं: "गणपतीपासून मला पहाटे तीनला जाग येते, नंतर झोप नाही, आणि दोन आठवडे दुकान उघडलेलं नाही." बस्स. आत गेल्यावर जीभ जड झाली तर चिठ्ठी वाचून दाखवा, नाहीतर पुढे सरकवा. सावधान: "काही नाही, असंच" या शब्दांनी सुरुवात करू नका, त्यात पाच मिनिटं फुकट जातात.

१२. आत थोडा वेळ एकट्याला मागून घ्या. "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का" हे डॉक्टरांना म्हणायला सांगा, म्हणजे घरात रुसवा नको. तुमची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

१३. उठण्याआधी पुढची तारीख घ्या. गोळ्या दिल्या असतील तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच धरून चला. सावधान: बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका.

१४. तीन-चार भेटींनंतर तेच पान पुन्हा काढा आणि रकाने नव्याने भरा. फरक दिसला तर तारखा चालू ठेवा. समुपदेशकाशी सूर जुळत नसेल तर तसं तोंडावर सांगा आणि दुसरं नाव मागा. त्यात कुणाला राग यायचं कारण नाही, आणि आला तर तुम्ही योग्य वेळी निघालात.