कॉम्प्युटर कोणाचा? (एका सीडीची गोष्ट)

‘रूटकिट’ हा शब्द आपल्याला सिक्युरिटीच्या पेपरात चार मार्कांसाठी भेटतो. व्याख्या पाठ, खाली एक आकृती, झालं काम! पण ज्या प्रकरणामुळे हा शब्द सामान्य माणसाच्या वर्तमानपत्रात पोचला, ते कुठल्या हॅकरचं नव्हतं. ते होतं दुकानातून पैसे मोजून आणलेल्या गाण्याच्या सीडीचं. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे टेक्निकल शब्दांना ओढूनताणून मराठी केलेलं नाही. ‘मूळसंच’ असं काही लिहिलं असतं तर मलाच कळलं नसतं.)

साल २००५. अमेरिकेत मार्क रसिनोविच नावाचा विंडोजचा जाणकार आपलं ‘रूटकिट रिव्हीलर’ हे टूल स्वतःच्याच मशीनवर तपासून बघत होता. टूलने सांगितलं, इथे लपवलेल्या फाइल्स आहेत. माणूस विंडोजची आतडी पाठ असलेला, त्याच्याच घरात चोर! शोध घेता घेता तो पोचला सोनी बीएमजी कंपनीच्या एका सीडीपर्यंत. त्या सीडीवर एक्ससीपी नावाचं कॉपी-प्रोटेक्शन होतं, फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने बनवलेलं. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने सगळं जाहीर केलं आणि एकच गहजब झाला.

आता हे चालायचं कसं ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

विंडोज एक्सपीमध्ये सीडी घातली की ऑटोरनने प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. शिवाय घरोघरी लोक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करायचे. म्हणजे दार उघडं आणि किल्लीपण दारालाच. लायसन्सचा लांबलचक मजकूर यायचा, त्यावर ‘अ‍ॅग्री’ म्हटलं की एक ड्रायव्हर कर्नलमध्ये जाऊन बसायचा. एखाद्या प्रोग्रॅमला फोल्डरमधल्या फाइल्सची यादी हवी असेल तर तो सिस्टिम कॉल करतो. कोणता कॉल कुठल्या फंक्शनकडे पाठवायचा याचा एक तक्ता कर्नलमध्ये असतो. या ड्रायव्हरने त्या तक्त्यातले पत्तेच बदलले. नाव डॉलर-एस-वाय-एस-डॉलर असं सुरू होणारी कुठलीही फाइल किंवा प्रोसेस यादीतून गाळायची, एवढंच त्याचं काम.

हॉस्टेलच्या भाषेत सांगते. रेक्टर मॅडम रोज रात्री वॉचमनकाकांना विचारतात, ‘उशिरा कोण आलं?’ काकांना कोणीतरी पढवून ठेवलंय की ‘क्ष’वरून नाव असलेली मुलगी आली तरी सांगायचं नाही. मॅडमचं रजिस्टर एकदम स्वच्छ! ही लबाडी पकडायची कशी? मॅडमने काकांना न विचारता स्वतः प्रत्येक रूममध्ये जाऊन डोकी मोजायची आणि रजिस्टरशी ताडून बघायची. रूटकिट रिव्हीलर हेच करायचं. एकदा विंडोजला विचारून यादी घ्यायची, एकदा थेट डिस्क वाचून. दोन याद्यांत फरक पडला की समजायचं, मधे कोणीतरी खोटं बोलतंय. परीक्षेत चार मार्कांना हे एवढं लिहिलं तरी पुरे, असं माझं मत.

मुद्दा असा की तो ड्रायव्हर फक्त सोनीच्या फाइल्स लपवत नव्हता. नाव त्या अक्षरांनी सुरू झालं की कोणाचंही काहीही लपायचं. रसिनोविचने नोटपॅडच्या कॉपीला तसं नाव दिलं, ती गायब झाली. मग व्हायरसवाले कशाला मागे राहतील? १० नोव्हेंबरपर्यंत या आडोशाला लपणारा ट्रोजन सापडला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चीटिंग करणाऱ्यांनीही याचा फायदा घेतला म्हणे, आपल्याकडच्या गेमर मंडळींना यात नवल वाटणार नाही! हाताने काढून टाकायला गेलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. कंपनीने वेबवरून चालणारा अनइन्स्टॉलर दिला, तर त्याने आणखी मोठं भोक पाडलं. कुठलीही वेबसाइट त्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकेल, असं प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांनी दाखवलं.

एकूण ५२ अल्बम. सुमारे ४७ लाख सीडी बाजारात गेल्या होत्या, त्यातल्या २१ लाखांच्या आसपास विकल्याही गेल्या होत्या. सीडी परत मागवल्या गेल्या, टेक्सास राज्याने खटला भरला, २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड झाली. हा भाग कोर्टकचेरीचा, त्यात फार शिरत नाही. शिवाय याच एक्ससीपीमध्ये लेम या एमपी३ एन्कोडरचा ओपन सोर्स कोड लायसन्सच्या अटी न पाळता वापरल्याचंही बाहेर आलं. कॉपी होऊ नये म्हणून बनवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यातच दुसऱ्याचं कॉपी! यावर वेगळं काय बोलायचं.

पण मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. फेल्टन आणि हॉल्डरमन यांना हा प्रकार जवळपास महिनाभर आधीच माहीत होता. ते बोलले नाहीत, कारण ते वकिलांचा सल्ला घेत होते. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार कॉपी-प्रोटेक्शनचं कुलूप चुकवणं हाच गुन्हा ठरू शकतो. आणि त्यांची भीती काल्पनिक नव्हती. २००१ मध्ये फेल्टनच्या टीमने संगीत कंपन्यांच्या वॉटरमार्कवर पेपर लिहिला तेव्हा धमकीवजा पत्र आलं आणि त्यांनी तो त्या कॉन्फरन्समधून मागे घेतला. २००३ मध्ये हॉल्डरमन तिथे विद्यार्थीच होता. सनकॉम कंपनीचं सीडी-प्रोटेक्शन नुसती शिफ्ट की दाबून धरली की चालू होत नाही, असं त्याने लिहिलं. कंपनीने खटल्याची धमकी दिली, मग जगभर हसं झाल्यावर माघार घेतली. शिफ्ट की! विचार करा, तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या एका वाक्यावरून नोटीस आली तर घरी बाबांना काय सांगाल?

म्हणजे तो महिनाभर लोक सीडी विकत घेत होते, त्यांच्या मशीनमध्ये भोकं पडत होती, आणि ज्यांना माहीत होतं ते कायद्यामुळे गप्प होते. पायरसी थांबवायलाच हवी, कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत, हे मला मान्य आहे. पण कुलपाच्या आत काय आहे हे बघणंच गुन्हा ठरवलं तर कुलूप बनवणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार? २००६ मध्ये अमेरिकेत अशा सीडींच्या सिक्युरिटी टेस्टिंगसाठी कायद्यातून सूट दिली गेली. म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर.

आपल्याकडे काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कलमात एन्क्रिप्शनचं संशोधन आणि मालकाच्या परवानगीने केलेलं सिक्युरिटी टेस्टिंग यांना मोकळीक आहे. कायदेशीरपणे मिळालेला प्रोग्रॅम चालवताना तो कसा काम करतो याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करायची मुभा तर १९९९ च्या दुरुस्तीपासून आहे. अमेरिकेपेक्षा हे बरंच शहाणपणाचं, आणि आपल्या ब्रँचच्या किती जणांना ठाऊक आहे?

सीडी गेल्या, पण कर्नलमध्ये बसणारे ड्रायव्हर गेले नाहीत. व्हॅलोरंटबरोबर येणारं व्हॅनगार्ड विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये लोड होतं. फरक एवढाच, आणि तो मोठा फरक आहे, की ते हे उघडपणे सांगतं आणि नेहमीच्या पद्धतीने काढताही येतं. चालवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी खेळत नाही म्हणून मला बोलणं सोपं आहे.

रसिनोविचची टूल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि आजही ती फुकट मिळतात. त्यातलं ‘ऑटोरन्स’ आपापल्या लॅपटॉपवर एकदा चालवा, ‘ड्रायव्हर्स’ टॅब उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे ते कोणी, कशासाठी बसवलं हे लिहायचा प्रयत्न करा. माझ्या यादीतल्या अकरा ओळींचं उत्तर अजून मिळालेलं नाही.