थोडा दम धरा!

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. माझ्या अब्बांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी तेल, तूप आणि मीठ कमी करायला सांगितले. अम्मी उकडलेल्या भाज्या वाढू लागली. अब्बा दोन घास खात आणि ताट बाजूला सारत. पंधरा दिवसांत ते अगदी वाळून गेले. अम्मी काळजीत पडली.

तेवढ्यात फुफीचा निरोप आला, "भाईजानना चार दिवस माझ्याकडे घेऊन या."

फुफीचे गाव गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलाजवळ आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जंगल पाहायला गेलो. गवे आणि चितळ दिसले. वाघ मात्र दिसला नाही.

माझा मुलगा म्हणाला, "दादा, इथेच चूल मांडून जेवण केले तर?"

अब्बा म्हणाले, "नाही बेटा. जंगलात विस्तव पेटवायला बंदी आहे. वाळक्या पानांवर एक ठिणगी पडली, तरी सारे रान जळेल."

घरी फुफीची तयारी चालली होती. तिने एक किलो कोंबडी कातडी काढून आणली होती, कारण चरबी कातडीत जास्त असते. तुकड्यांना तिने एका संत्र्याचा व एका लिंबाचा रस चोळला. मग वाटलेले आले-लसूण, हळद, मिरपूड, चिरलेली कोथिंबीर आणि पुदिना लावला. तेल एकच चमचा, मीठही थोडेच! "रस आंबट असला, की कमी मीठही पुरते," ती म्हणाली. हे सारे तिने स्टीलच्या भांड्यात दोन तास मुरत ठेवले. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतात.

नंतर अंगणातल्या चुलीवर जाड बुडाचे पातेले चढले. झाकणाच्या कडेला फुफीने भिजवलेली कणीक लावली. खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे! वाफ बाहेर जाईना. कोंबडी आपल्याच रसात शिजू लागली.

अब्बा दोनदा चुलीपाशी येऊन गेले. "झाले का गं?"

फुफी हसून म्हणाली, "भाईजान, थोडा दम धरा!"

आम्ही सारे हसलो. 'दम' म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. उर्दूत आपण बिर्याणीला दम देतो. मराठीत दम धरतो, म्हणजे धीर धरतो.

पाऊण तासाने झाकण उघडले. संत्र्याचा आणि पुदिन्याचा वास अंगणभर पसरला. फुफीने जाड तुकडा कापून पाहिला. आत लाली नव्हती. कच्चे मांस खाल्ल्याने आजार होतात, म्हणून ही खात्री हवीच.

भात, काकडी आणि कोंबडी! अब्बांनी ताट स्वच्छ केले. "तेलाशिवाय एवढी चव आली कुठून?" त्यांनी विचारले.

"थोडी रसातून, थोडी पुदिन्यातून आणि बाकीची दमातून," फुफी म्हणाली.

एका जेवणाने आजार बरा होत नाही. अब्बा आजही औषध घेतात, रोज फिरायला जातात. पण आता ते ताट बाजूला सारत नाहीत.

स्वाध्याय
१. अब्बा ताट बाजूला का सारत?
२. जंगलात चूल का पेटवू नये?
३. फुफीने कमी तेलात चव कशी आणली?
४. 'दम धरणे' आणि 'काळजीत पडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.