परसांतील बारीक जीवांचीं छायाचित्रें

शेतकीच्या मासिकांत छायाचित्रणाचा पाठ पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. छायाचित्र काढणें हें लग्नकार्यांतलें काम; त्याचा औताशीं काय संबंध, असेंही कोणी म्हणेल. परंतु सन २०२१ मध्यें आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून बांधावर उभें राहून पिकाचें छायाचित्र घेणें बहुतेक खातेदारांच्या अंगवळणीं पडलें आहे. खिशांतील तेंच साधन जरा खालीं वाकून पानाच्या पाठीमागें धरलें, तर जें दिसतें त्यावरून कधीं औषधाची एक फवारणी वांचते, तर कधीं ती वेळेवर होते. एवढ्याच हेतूनें हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

शिकण्यास शेतापेक्षां घरामागचें परस बरें. तेथें वांग्याचीं चार झाडें, चवळीचा एखादा वेल, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद हीं बहुधा असतातच, आणि तेंच पान रोज सकाळीं पाहतां येतें. एक किडा अंड्यापासून पंख फुटेपर्यंत पाहावयाचा तर रोजची भेट हवी. चार दिवसांनीं शेतावर गेल्यास मधली अवस्था हुकते. फ्रान्समधील प्रसिद्ध कीटकाभ्यासक फाब्र यांनीं सन १८७९ मध्यें सेरिन्यां या गांवीं एक खडकाळ, पडीक जमीन विकत घेतली, आणि सन १९१५ मध्यें देह ठेवीपर्यंत बहुतेक अभ्यास तेथल्याच किड्यांचा केला. त्या जमिनीवर पीक येण्याजोगें नव्हतें, म्हणूनच त्यांना ती पसंत पडली होती.

आतां साधनाविषयीं. महागडा कॅमेरा नको, फोन पुरे. मात्र प्रत्येक भिंगास जवळ जाण्याची एक मर्यादा असते. फोनचें मुख्य भिंग वस्तूपासून कांहीं इंचांच्या आंत आणलें कीं चित्र धूसर होतें, मग कितीही वेळ हात स्थिर धरा. अशा वेळीं थोडें मागें सरून चित्र घ्यावें व नंतर त्याच्या कडा कापून किडा मोठा करून पाहावा. बोटांनीं पडदा ताणून वस्तु मोठी करण्याचा मोह टाळावा. बहुधा त्यानें नवा तपशील मिळत नाहीं; तीच अक्षरें मोठीं दिसतात, इतकेंच. स्वस्त फोनांत निकट चित्रासाठीं म्हणून एक निराळें लहान भिंग दिलेलें असतें. तें पुष्कळदां इतकें हलकें असतें कीं मुख्य भिंगानें दुरून काढलेलें चित्रच सरस ठरतें. दोन्ही प्रकारें काढून ताडून पाहावें.

ह्याहून जवळ जावयाचें असल्यास फोनवर चिमट्यानें बसविण्याचें भिंग मिळतें. तें नसेल तर घड्याळजीचें भिंग रबरी फितीनें फोनच्या भिंगावर नीट मध्यावर बांधावें, काम होतें. अशा भिंगापुढें वस्तु साधारण इंचभर अंतरावर यावी लागते, व ठरलेल्या अंतरापासून केसभर ढळली तरी चित्र बिघडतें. येथें नवशिक्या मनुष्य कंटाळतो. त्याचें कारण असें कीं जसजसें जवळ जावें तसतशी स्पष्ट दिसणारी जाडी कमी होत जाते. जबर भिंगांत ती एका मिलिमीटरच्याही आंत येते. मुंगीचा डोळा स्पष्ट दिसला तर पाय अस्पष्ट, पाय साधले तर डोळा गेला. यावर उपाय दोन. फोन किड्याच्या पाठीशीं किंवा कुशीशीं समांतर धरावा, म्हणजे त्याचें बहुतेक अंग एकाच पातळींत येतें. आणि पडद्यावर बोट टेकून स्पष्टता साधीत बसण्यापेक्षां कोपरें गुडघ्यांवर टेकून सर्व अंगच हळू पुढें-मागें न्यावें व त्या ओघांत दहा-बारा चित्रें घ्यावीं. त्यांत दोन चांगलीं निघालीं तर पुष्कळ झालें. बाकीचीं पुसून टाकावीं.

प्रकाश आणि वारा ह्यांची गोष्ट शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किडे गारठ्यानें मंद असतात व वाराही पडलेला असतो. ती वेळ उत्तम. दुपारच्या कडक उन्हांत चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडून रंग नाहींसा होतो. त्यावेळीं पांढरें धोतर किंवा पातळ कागद उन्हाच्या आड धरला कीं उजेड मऊ होतो. पान हलत असेल तर देठाजवळ काठी रोवून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानें त्यास अडकवावें. पान तोडूं नये. तोडलेल्या पानावरचे तुडतुडे तत्क्षणीं उडून जातात.

आतां ह्या खटाटोपाचा उपयोग काय, तें पाहूं. चवळीच्या शेंड्यावर मावा पडला कीं त्याच्या दाटींत काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांचे, सहा पायांवर लगबगीनें धावणारे जीव दिसतात. रूप असें कीं पाहणारा दचकावा. मगरीचें लहानसें पिल्लूच. आमच्या पाहण्यांतील एका गृहस्थांनीं हीच खरी कीड समजून पंप भरून ठेविला होता. त्यांच्या मुलानें जवळून चित्र काढून दाखविलें, तेव्हां त्या जीवाच्या तोंडांत अर्धा खाल्लेला मावा स्पष्ट दिसला. तो ढालकिड्याचा बाळजीव. मोठेपणीं हाच किडा गोल, तांबूस-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा किंवा नागमोडी रेघांचा होतो, व तेव्हांही मावाच खातो. पंप रिकामा झाला असता तर माव्याबरोबर हा फुकटचा राखणदारही मेला असता. आणि मावा झपाट्यानें पुनः वाढतो, राखणदार तितक्या लौकर येत नाहीं.

परंतु प्रत्येक ठिपक्यांचा भुंगा मित्र समजूं नये. वांग्यावर व कारल्यावर येणारा एपिलॅक्ना भुंगा ह्याच कुळांतला, पण तो पान खातो. त्याच्या पाठीवर बहुधा २८ ठिपके असतात. नुसत्या डोळ्यांनीं दोघे सारखेच. जवळच्या चित्रांत मात्र भेद उघड होतो. मित्राची पाठ घोटलेल्या लाखेसारखी चकाकते. शत्रूच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून ती मळकट दिसते. शत्रूचा बाळजीव पिवळट असून त्याच्या अंगावर फांद्या फुटलेले कांटे असतात, आणि त्यानें पानाचा हिरवा गर खरवडून जाळी केलेली असते. अंडीं मात्र दोघांचीं पिवळीं, उभीं, घोसानें मांडलेलीं. त्यांवरून निवाडा करूं नये. आसपास मावा आहे कीं खरवडलेलें पान आहे, तें पाहावें, व चार-सहा दिवस तेंच पान पुनः टिपावें.

माव्यांतच आणखी एक नवल सांपडतें. कांहीं मावे फुगून बदामी, कागदासारखे झालेले असतात व हालत नाहींत. एकाद्याच्या पाठीवर वाटोळें भोंक असतें. बारीक परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या पोटांत अंडें घालते, तिचें पिल्लू आंतून त्यास खाऊन तें भोंक पाडून बाहेर पडतें. असे फुगलेले मावे पुष्कळ दिसले, तर फवारणीपूर्वीं थांबून विचार करणें शहाणपणाचें. तसेंच पानावर सुतासारख्या बारीक देठाच्या टोकाला पांढरा मणी दिसला, तर तें बुरशीचें बोंड नव्हे. क्रायसोपाचें अंडें आहे, व त्यांतून निघणारी अळीही मावा खाणारीच. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखें दिसतें, त्याचेंही चित्र जरूर घ्यावें. पुष्कळदां तिला पाय असतात! ती लिंबावरील फुलपाखराची कोवळी अळी होय. मोठी झाल्यावर ती हिरवी होते.

मक्याच्या बाबतींत तर जवळच्या चित्रावर सर्व हंगाम अवलंबून राहूं शकतो. अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत प्रथम सन २०१८ मध्यें कर्नाटकांत नजरेस आली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत पोहोंचली. तिच्या दोन खुणा चित्रांत आल्याच पाहिजेत: डोक्यावर उलट्या वाय अक्षराची फिकट खूण, आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनांत बसलेले चार काळे ठिपके. म्हणून एक चित्र समोरून डोक्याचें व एक वरून शेपटाचें, अशीं दोन घ्यावीं. अगदीं लहान अळींत ह्या खुणा उमटलेल्या नसतात. तेव्हां पोंग्यांतील भुशासारखी विष्ठा व पानावरील खिडक्यांसारखे पांढुरके खरवडे यांचें चित्र घेऊन ठेवावें व दोन दिवसांनीं पुनः पाहावें.

शेवटीं नोंदीसंबंधीं. महसुली दप्तरांत ज्या कागदावर तारीख नाहीं त्यास किंमत नाहीं. चित्राचेंही तसेंच आहे. प्रत्येक पाहणीचीं तीन चित्रें असावींत: सबंध झाड, रोगट फांदी किंवा पान दोन्ही बाजूंनीं, आणि किड्याचें जवळून. किड्याशेजारीं आलेखाच्या कागदाचा तुकडा किंवा मोजपट्टी ठेवली कीं लांबीचा अंदाज चुकत नाहीं. फुलकिडा मिलिमीटरभराचा असतो व पडद्यावर तो सुरवंटाएवढा दिसूं शकतो. तारीख, पीक, पेरणी होऊन किती दिवस झाले, शेवटची फवारणी कधीं व कशाची, हें वहींत लिहून ठेवावें. कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि सहायकाकडे चित्र पाठवावयाचें तर व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमींच्या रीतीनें न पाठवितां दस्तऐवज म्हणून पाठवावें. नेहमींच्या रीतीनें तें दाबून लहान केलें जातें, आणि नेमकी पाठीवरची लव व डोक्यावरची खूण त्यांत पुसली जाते.