प्रश्न तुमचा: दोन ‘टेंप’ची गाठ

प्रश्न: मी स्कीम ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. जुन्या लिस्पचा डेफमॅक्रो, सिंटॅक्स-रूल्स आणि सिंटॅक्स-केस या मॅक्रो लिहायच्या पद्धतींत सगळ्यांत ताकदवान कोण? जो तो वेगळंच सांगतो.
– एक विद्यार्थी, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर: नुसती ताकदच बघायची तर डेफमॅक्रो कुणाला हार जात नाही. पण त्याचा घोळ आधी बघा. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल साध्या फंक्शनला जमत नाही. त्याच्या हाती किमती येतात, चलं येत नाहीत. म्हणून मॅक्रो, म्हणजे चालवण्याआधी कोडचा उलगडा करणारा नियम, लिहायचा. (अदलाबदल अ ब) चा उलगडा असा:

(लेट ((टेंप अ)) (सेट! अ ब) (सेट! ब टेंप))

आता तुमच्याच एका चलाचं नाव टेंप असलं तर? एररही येत नाही, अदलाबदलही होत नाही. राइस मिलमध्ये दोघांच्या धानाच्या पोत्यांवर एकच खूण असावी, तशातली गत. डेफमॅक्रोत दरवेळी जेनसिमकडून कोरं नाव मागून घ्यावं लागतं, आणि माणूस विसरतोच.

1986 साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि डुबा यांनी ही राखण यंत्राकडे सोपवली: मॅक्रोतून आलेल्या नावाला वेगळी ओळख. हेच ते ‘हायजीन’. स्कीम भाषेच्या 1998 च्या पाचव्या अहवालातल्या सिंटॅक्स-रूल्समध्ये ते आपोआप मिळतं. साचा द्या, त्याचा उलगडा द्या, झालं. पण ‘धान’ आणि ‘वजन’ जोडून ‘धान-वजन’ असं नवं नाव घडवायला सांगा, की तो बसकण मारतो. सिंटॅक्स-केसला ते जमतं. मॅक्रोच्या पोटात अख्खं स्कीम चालतं, आणि हायजीन मोडायचं तर तसं उघड लिहून मोडता येतं. 2007 च्या सहाव्या अहवालात तो आला, 2013 च्या सातव्यानं, भाषा छोटी ठेवण्यासाठी, सिंटॅक्स-रूल्सवरच भागवलं. मला हा काटकसरीपणा पटत नाही.

गंमत म्हणजे 1991 मध्ये याच फेलायझननं मांडलं, की जी सोय जागच्या जागी उलगडून काढून टाकता येते, तिनं भाषेची अभिव्यक्तिक्षमता वाढत नाही. म्हणजे त्याच्या तराजूत आपली अदलाबदल शून्य भरते! तुमचे कष्ट वाचतात, एवढंच.

सुरुवात सिंटॅक्स-रूल्सनं करा. रॅकेट ही स्कीमच्या कुळातली भाषा फुकट मिळते, चलांना देवनागरी नावं दिलीत तरी कुरकुरत नाही. अदलाबदल लिहा आणि मुद्दाम टेंप नावाच्याच चलावर चालवून बघा.