टेपखालचा जॉइंट

घरांच्या वायरिंगची कामं करता करता जॉइंटबद्दल जे उमगत गेलं, ते असं.

१. जॉइंट चांगला मारण्याआधी तो टाळायला शिकावं लागतं. आमचे वस्ताद लूप घेत घेत पुढे जायचे: वायरचं प्रत्येक टोक कुठल्या ना कुठल्या बोर्डात, स्क्रूखाली. वायर कमी पडली तर पाइपात जोड न देता अख्खी नवी ओढायची. तेव्हा मला ती उधळपट्टी वाटे. पण पाइपातून ओढताना जॉइंटवरची टेप सरकते, आणि एकदा प्लास्टर झालं की तो जॉइंट भिंत फोडल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

२. एमसीबीला ढिला जॉइंट कळत नाही. हे मला सगळ्यात जास्त हादरवून गेलं. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. वाटेतल्या ढिल्या जॉइंटने अर्ध्या ओहमचा अडथळा उभा केला, तर तेवढ्या एका जागी ३५ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. कथील वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! एमसीबी मात्र शांत, कारण तिच्यातून जाणारा करंट वाढतच नाही, उलट किंचित घटतो. गळती पकडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही पडत नाही. फेजने गेलेलं सगळं न्यूट्रलने परत येतंय, गळती कुठेच नाही. एका घरी काकूंनी विचारलं, "अहो, एमसीबी पडत नाहीये, म्हणजे ठीकच आहे ना?" त्यांच्या सॉकेटचं एक भोक पिवळं पडलं होतं. काकूंचा प्रश्न रास्त होता, आम्ही वायरमन लोकच हे कुणाला समजावून सांगत नाही. जळका वास, सॉकेटमधली बारीक चरचर, कोमट लागणारा स्विच, यातलं काहीही जाणवलं तर मेन, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही, बंद करून बोर्ड उघडलाच पाहिजे.

३. टेप जॉइंटला झाकते, धरून ठेवत नाही. जुना तापलेला जॉइंट उघडला की टेपचा गोंद बोटांना लागतो, वेढे एकमेकांवरून घसरलेले असतात. आत तांबं काळं पडलेलं, आणि शेजारचं पीव्हीसी इतकं कडक की नखाने टवका उडावा. पकड धातूची धातूवर हवी. गीझरला चिनी मातीचा स्क्रूचा कनेक्टर, इतर ठिकाणी वायरच्या जाडीचा आणि लोडला पुरेसा कनेक्टर, आणि तोही झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये. बसवून झाल्यावर मी प्रत्येक वायर हाताने ओढून बघतो. निसटायची असेल तर आत्ताच निसटू दे.

४. सोलताना दोन-चार तारा तुटल्या तर तेवढं टोक कापून पुन्हा सोलायचं. अडीच स्क्वेअर एमएमची वायर त्या जागी अडीचची राहत नाही.

५. तांबं आणि अॅल्युमिनियम यांना एकत्र पीळ देऊ नये. जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी अजून आहेत आणि वाढीव पॉइंट तांब्याचा घेतला जातो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, तो वीज नीट वाहू देत नाही. त्यात कोकणातल्या पावसाची ओल मिळाली की गंज आणखी वाढतो. अशा जोडासाठी दोन्ही धातूंना चालणाराच कनेक्टर किंवा बायमेटल लग आणावा, दुकानात तसं स्पष्ट सांगून.

६. मेन बंद केला म्हणजे घर बंद झालं, हे इन्व्हर्टर आल्यापासून खरं राहिलेलं नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि दिव्या-पंख्यांच्या वायरी क्षणात पुन्हा जिवंत होतात. म्हणून दारातच विचारतो, इन्व्हर्टर आहे का, त्याचं आउटपुट कुठून तोडायचं? मग दोन्ही बंद करून टेस्टर आधी या मेनवर नसलेल्या, शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटला लावून त्याचा दिवा लागतो का पाहतो, मग बोर्डातल्या प्रत्येक वायरला, न्यूट्रललासुद्धा, आणि शेवटी परत त्या चालू सॉकेटला. घरातली माणसं कधीकधी घाई करतात. मी त्यांना थांबायला सांगतो.