एका हाताचा नेम

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत नायस्मिथ नावाच्या शिक्षकांनी शोधून काढला. त्यांनी फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या व मुलांना त्यांत चेंडू टाकायला सांगितले. बास्केट म्हणजे टोपली. आज मी या खेळातल्या हँक लुइसेटी या खेळाडूची माहिती सांगणार आहे.

हँकचा जन्म १९१६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. लहानपणी त्याचे पाय वाकडे होते. ते सरळ व्हावेत म्हणून त्याला पायांना आधार बांधून चालावे लागे. तरी त्याला खेळायची भारी हौस. मैदानावर सगळी मोठी मुले, आणि हा छोटा! त्या काळी चेंडू दोन हातांनी टाकत. पण हँकचा चेंडू टोपलीपर्यंत पोचेचना. मग त्याने एका हाताने जोर लावून फेकून पाहिला. आणि काय, चेंडू पोचला की!

पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेला. दुसरे कोणी म्हणाले असते, "असे टाकायचे नाही." पण तिथले शिक्षक जॉन बन यांनी त्याला तसेच खेळू दिले. ३० डिसेंबर १९३६ रोजी न्यूयॉर्कला मोठा सामना झाला. समोरचा लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ ओळीने ४३ सामने जिंकलेला होता. स्टॅनफर्डने त्याला ४५-३१ असे हरवले. त्यात एकट्या हँकचे १५ गुण होते. १ जानेवारी १९३८ रोजी तर त्याने एकाच सामन्यात ५० गुण केले. कॉलेजच्या खेळाडूंत एवढे गुण करणारा तो पहिलाच.

नंतर तो आरमारात गेला. १९४४ साली त्याला मेंदूज्वर झाला. तो वाचला, पण डॉक्टरांनी खेळणे कायमचे बंद केले. तेव्हा तो फक्त २८ वर्षांचा होता. किती वाईट वाटले असेल त्याला! पण तो रडत बसला नाही. तो दुसऱ्यांना शिकवू लागला. १९५१ साली त्याच्या संघाने अमेरिकेतल्या हौशी संघांचे अजिंक्यपद मिळवले. २००२ साली हँक वारला.

आता सगळे खेळाडू एका हातानेच नेम धरतात, दुसरा हात नुसता आधाराला. लहान मुलाची युक्ती मोठ्यांनी उचलली! म्हणून मित्रांनो, मोठ्यांसारखे जमले नाही तर खेळ सोडू नका. आपली युक्ती काढा.

इयत्ता ४ थी