रात्रीत निघावे लागले तर : वसतिगृहातील किशोरांसाठी एक अभ्यासपाठ



या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर मी चार शनिवार एक पाठ घेतला. विषय होता, कठीण दिवसांत तग धरणे. पाठ कसा घेतला आणि त्यात माझे कुठे चुकले, हे दोन्ही लिहून देत आहे. आपल्या तरुण संघात किंवा संडे स्कूलमध्ये कोणास उपयोगी पडले तर आनंदच आहे.

पाठासाठी मी एक कादंबरी घेतली होती. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, म्हणजे ‘पेरणाऱ्याचा दाखला’. मी हे नाव फळ्यावर लिहिले तेव्हा मागून एकाने विचारले, “ताई, हा दाखला तहसीलमध्ये मिळतो का?” आमच्या मुलांना दाखला म्हणजे जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. हसणे थांबल्यावर लूक ८ उघडले आणि पेरणारा, वाट, खडक, काटेरी झुडपे व चांगली जमीन असा सगळा दाखला वाचून काढला. तिथूनच सुरुवात केली.

बटलरबाई १९४७ साली कॅलिफोर्नियातील पासाडेना गावी जन्मल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जात असे. घर बाप्टिस्ट. २००६ मध्ये त्या वारल्या. १९९३ साली छापलेल्या या पुस्तकाची गोष्ट २०२४ च्या जुलैत सुरू होते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुढच्या काळात. पाऊस वर्षानुवर्षे नाही. पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे. आगी लागतात. पोलीस बोलावले तर पैसे मोजावे लागतात. ज्यांच्याकडे घरे उरली आहेत ते वस्तीभोवती भिंत बांधून राहतात. अशाच एका वस्तीत लॉरेन नावाची पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिचे वडील पाळक आहेत आणि कॉलेजात शिकवतातही. भिंत फार दिवस टिकणार नाही हे लॉरेनला कळले आहे, मोठ्यांना मात्र ते ऐकायचे नाही. २०२५ च्या जानेवारीत पासाडेनाच्या शेजारी अल्टाडेना येथे भयंकर आग लागली, तेव्हा पुष्कळांनी या पुस्तकाला भविष्यवाणी म्हटले. मला तसे म्हणणे पटत नाही. बाईंनी आजूबाजूला डोळे उघडे ठेवून पाहिले आणि हे असेच चालू राहिले तर काय होईल एवढे लिहिले.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. पहिली, हे पुस्तक मुलांच्या हाती जसेच्या तसे देऊ नये. त्यात खून आहेत, बलात्कार आहेत, माणसाला माणूस खाण्यापर्यंतची वर्णने आहेत. मी ते मराठीत तोंडी सांगितले आणि बरेच गाळले. दुसरी, लॉरेन वडिलांचा विश्वास सोडते आणि पुढे बदल हाच देव असे मानणारा स्वतःचा पंथ काढते. आमच्या कमिटीवरील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, असले पुस्तक मिशनच्या वसतिगृहात कशाला? प्रश्न रास्त होता. मी मुलांना लॉरेनचे म्हणणे लपवून सांगितले नाही. तिच्या डोळ्यांसमोर सगळे कोसळत होते, म्हणून तिला बदल तेवढा खरा वाटला. आपण मात्र इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायाप्रमाणे काल, आज आणि सदासर्वकाळ तोच राहणाऱ्या प्रभूला धरून आहोत. मुले एवढ्यावर गोंधळली नाहीत. जे कानावर पडू दिले जात नाही त्यानेच मुले जास्त गोंधळतात, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या शनिवारी मी लॉरेनची पिशवी सांगितली. कधीही पळावे लागेल म्हणून ती अन्न, पैसे, कपडे, काडेपेटी आणि भाज्यांचे बी बांधून तयार ठेवते. वाटेत वापरायचे म्हणून वनस्पतींची पुस्तके वाचते. मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगते, तर ती घाबरून आईला सांगते आणि गोष्ट लॉरेनच्या वडिलांपर्यंत जाते. वडील रागावतात, पण तुझे चुकले असे म्हणत नाहीत. लोकांना घाबरवून काही साधत नाही, त्यांना शिकव, असा त्यांचा सल्ला. पुढे त्याच वडिलांचा नोहावरचा उपदेश येतो. देवाने सांगितले खरे, पण तारू नोहाला स्वतःच्या हाताने बांधावे लागले. तारू बांधणे हा अविश्वास नव्हता, हे मी तिथे थांबून समजावले. योसेफाचेही तेच. सात वर्षे कोठारे भरली ती स्वप्नावर विश्वास होता म्हणून (उत्पत्ती ४१).

मग प्रत्येकाला कागद दिला. आज रात्री निघायचे झाले तर काय घ्याल? मला वाटले होते मोबाइल, बिस्किटे, नवे कपडे असे येईल. आले ते असे : कोयता, मीठ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, रेशन कार्ड, आधार, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर जातीचा दाखला. नववीतल्या एका मुलीने लिहिले, नागलीचे बी. मी म्हटले, एवढ्या घाईत बी? ती म्हणाली, “ताई, खायचं कुठंही मागता येतं. बी कोण देईल?”

दुसरा शनिवार अन्नाचा. लॉरेनच्या वस्तीत ओकच्या फळांची भाकरी करतात. हे फळ कच्चे खाल्ले तर तुरट-कडू. कॅलिफोर्नियाचे मूळ आदिवासी ते कुटून, त्यावरून पुन्हा पुन्हा पाणी घालून कडूपणा काढत आणि मग खात. लॉरेन हे त्यांच्याविषयीच्या पुस्तकातून शिकते. मी हे मोठ्या तयारीने सांगत होते. मागच्या रांगेतला एक कातकरी मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, हळूच म्हणाला, “कडूकांदाचं पण तसंच हाय.”

वाचकांपैकी काहींना माहीत नसेल म्हणून सांगते. महाराष्ट्रातील कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमाती आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत. कातकरी पूर्वी खैरापासून कात काढत, त्यावरून हे नाव. इतर आदिवासी मुलेसुद्धा त्यांना उंदीर खाणारे म्हणून चिडवतात. आमच्या वसतिगृहातही चिडवत होती, आणि मला ते उशिरा कळले. हा मुलगा गप्प का असतो ते मला तेव्हा समजले.

मी खडू त्याच्या हाती दिला. त्याने सांगितले : कांद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या. सकाळी चव बघायची, ती आजीनेच. कडू लागला तर परत पाण्यात. साचलेल्या पाण्यात ठेवून चालत नाही. (वाचकहो, हा कांद कच्चा विषारी असतो, घरी प्रयोग करू नका.) मग एका वारली मुलीने शेवळांचे सांगितले. काकडांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो. वाल, तूर राखेत मिसळून ठेवले तर कीड का लागत नाही ते दुसऱ्याने सांगितले. तासभर मी नुसती लिहून घेत होते.

इथे माझी चूक मला दिसली. मी यांना तग धरायला शिकवायला बसले होते. पुस्तकातल्या मुलीला जे ग्रंथालयातून मिळवावे लागले ते यांच्या आज्यांच्या हातात आहे. डिप्लोमाच्या वर्षांत आम्ही समाजकार्यावर पुष्कळ वाचले, परंतु ज्याला शिकवायचे त्याला आधी काय येते हे विचारावे, हे मला त्या शनिवारी एका खडूने शिकवले. त्या दिवसानंतर चिडवणे बंद झाले असे म्हणणार नाही. कमी झाले.

तिसऱ्या शनिवारी भिंत. मी विचारणार होते, लॉरेनच्या जागी तुम्ही असता तर भिंतीबाहेरच्या भुकेल्या लोकांशी कसे वागला असता? प्रश्न पुरा होण्याआधीच एक मुलगी म्हणाली, “पण ताई, आपण तर बाहेरचेच ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या मंडळीत हा पाठ घ्याल तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने विचारा. माझ्यापेक्षा तिथे तो जास्त उपयोगाचा ठरेल. लॉरेनला एक विचित्र आजार आहे, समोरच्याला दुखले की तिलाही दुखते. ती तो लपवते, कारण अशा जगात ती दुबळेपणाची खूण आहे. १ करिंथकर १२ मध्ये पौल एका अवयवाला दुःख झाले तर सगळ्यांना होते असे सांगतो, तो याच आजाराविषयी बोलत असावा असे मला कधी कधी वाटते.

त्याच दिवशी ऑलिव्हार सांगितले. समुद्राकाठचे हे शहर एक कंपनी विकत घेते. संरक्षण देऊ, घर देऊ, काम देऊ, असे ती म्हणते. पगार मात्र इतका कमी की राहण्याखाण्यातच संपावा, उरलेले कर्ज अंगावर चढावे आणि माणूस कधीच सुटू नये. लॉरेनचे वडील तिथे जायला नकार देतात. पुढे वाटेत लॉरेनला एक आई भेटते. ती अशाच कर्जात मोठ्या शेतीवर अडकली होती, तिचे मुलगे मालकाने नेले, म्हणून ती धाकट्या मुलीला घेऊन पळाली.

वर्गात कोणी बोलेना. मग तोच कातकरी मुलगा म्हणाला, “ही भट्टीच झाली.”

दिवाळीनंतर आमच्या भागातील कितीतरी पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. लग्नात, आजारपणात उचल घेतलेली असते. आठवड्याला खर्ची मिळते, ती हिशोबात धरली जाते. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, पण किती हजार झाल्या हे लिहिणारा एकच, मालकाचा माणूस. हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली, हे मी मुलांना सांगितले. कायदा ठाऊक असला पाहिजेच. पण भट्टीवर हिशोब कोणाच्या वहीत आहे यावर बरेच ठरते.

म्हणून चौथ्या शनिवारी आम्ही वह्या केल्या. लॉरेनही सतत वही लिहिते, त्या वहीतूनच सगळी गोष्ट आपल्याला कळते. आमच्या वह्यांत आईबापांना अक्षर न येताही भरता येईल असे खाने आखले : एका हजार विटांना एक रेघ, खर्चीच्या दिवशी एक गोल, गोलात नोटांचे आकडे. आकडे सगळ्यांना कळतात. लॉरेनचे वडील एके दिवशी घरी परतत नाहीत तेव्हा वस्तीतल्या उपासनेत ती उभी राहते आणि लूक १८ मधील न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेवर बोलते. त्या विधवेच्या हाती वही असती तर न्यायाधीशाला आणखी लवकर शरण यावे लागले असते, असे एक मुलगा म्हणाला. मी ते शास्त्रार्थ म्हणून मान्य केले नाही, पण हसले.

पाठ संपल्यावर तो मुलगा मागे थांबला. बापाने उचल घेतली होती आणि दिवाळीनंतर त्यालाही न्यायचे ठरले होते. चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे भट्टीवर दोन हात जास्त. आम्ही दोनदा पाड्यावर गेलो. बाप ओट्यावर बसून जमिनीकडे बघत राहिला. आई म्हणाली, “शिकूद्या त्याला. पण पैसे तर फेडायचे.” शेवटी मुलगा वसतिगृहात राहिला. त्याची अकरा वर्षांची बहीण मात्र गेली, तान्ह्याला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तिच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन दिले आहे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला बसता येईल. ती बसेल का, हे तान्ह्यावर अवलंबून आहे. या कुटुंबासाठी, विशेषतः त्या मुलीसाठी, पाऊस येईपर्यंत प्रार्थना करावी ही विनंती.

मागच्या रविवारी उपासनेनंतर माझ्या फोनवरून तो आईशी बोलला. भट्टी लागली, पाणी दुरून आणावे लागते, बहिणीला सर्दी आहे, असे सगळे झाले. मग त्याने विचारले, “वही कुठं ठेवलीस?”

पलीकडून मला ऐकू आले, “पिठाच्या डब्यात. नऊ रेघा झाल्या.”